लासलगावची घरप्रार्थना

मी नाशिकमधल्या एका ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. गेल्या वर्षी मी राजीनामा लिहिला आणि तीन आठवडे तो बॅगेत घेऊन फिरलो. कारण साधं होतं. माझी प्रार्थना बंद पडली होती. तोंड चालू होतं. रविवारी दोन उपासना, आठवडाभर घरप्रार्थना, दवाखाने, लग्नं, दफनविधी, शिवाय सटाणा आणि लासलगावच्या फेऱ्या, सगळं वेळेवर होत होतं. पण आमेन म्हटल्यावर आपण आत्ता काय मागितलं, हे मला आठवत नसे.

थकलो असं म्हणायची आमच्यात सोय नाही. शिक्षक थकतो, ड्रायव्हर थकतो. पाळक थकला तर त्याचा विश्वास कमी पडला. मंडळीच्या सचिवांना मी एकदा चाचरत सांगितलं, तर त्यांनी तीन दिवसांचा उपवास सुचवला. झोप लागत नाही म्हणणाऱ्या माणसाला उपाशी राहायला सांगून ते स्वतः घरी जेवायला गेले. मला त्यांचा फार राग आला आणि मी "प्रभू आपलं भलं करो" म्हणालो.

सोळाव्या वर्षी तरुणांच्या शिबिरात मला देवाचं पाचारण झालं, अशी साक्ष मी आजवर कितीदा दिली असेल. आता वाटायचं, ते खरंच पाचारण होतं, की बऱ्यापैकी बोलता येणाऱ्या मुलाला गर्दीसमोर उभं राहायला आवडलं होतं? उत्तर सापडेना म्हणून राजीनामा लिहिला होता. देताही येत नव्हता, कारण दुसरं काहीच येत नव्हतं.

त्याच दिवसांत एका दुपारी लासलगावला गेलो. लोकांच्या प्रार्थनेच्या विनंत्या मी एका वहीत लिहितो आणि घरात शिरण्याआधी त्या घराचं पान बघून घेतो. त्या दिवशीही बघितलं. कांदा मार्केटात आयुष्यभर हमाली केलेल्या एका म्हाताऱ्याचं घर होतं. पानावर छातीचं दुखणं लिहिलेलं होतं.

घरात त्याची बायको, मुलगा, सून आणि शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या. गीत झालं. मी डोळे मिटले आणि चांगली लांब प्रार्थना केली. या घराच्या कर्त्याला आरोग्य दे, त्याच्या छातीतली कळ काढून टाक, त्याला पुन्हा आपल्या पायांवर उभं कर. सगळे आमेन म्हणाले. पाळकाचा आवाज खाली आला की आमच्या लोकांच्या तोंडून आमेन निघतंच.

डोळे उघडले, तर समोर भिंतीवर त्याचा फोटो होता. खाली जन्माची तारीख, मरणाची तारीख. वीस दिवसांपूर्वी मीच त्याला माती दिली होती.

सून चहा ठेवायला आत गेली. शेजारणी पदर सावरत निघाल्या, त्यांच्या मागोमाग मुलगाही मार्केटात गेला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. आजी तेवढ्या माझ्याकडे बघत होत्या. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर त्याच बोलल्या.

"त्ये आता बरे हायेत, साहेब. तुमचं सांगा."

मी सांगितलं. झोप, उपवास, राजीनामा, सगळं. एवढा वेळ माझं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. माझं बोलून झाल्यावर आजी उठल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पाळक घरात असताना दुसऱ्या कोणी प्रार्थना करायची आमच्यात पद्धत नाही. त्यांनी ती मोडली.

"देवा बापा, हा माणूस लय दमलाय. याला झोप दे. उद्या हा पाळक नाय राहिला तरी तुझाच हाय, येवढं याला कळू दे. आमेन."

मला रडू आवरेना. माझ्यासाठी प्रार्थना करणारे आजवर पुष्कळ भेटले होते, पण सगळ्यांनी देवाकडे माझ्या सेवेसाठी सामर्थ्य मागितलं होतं. नुसता मी कोणाच्या प्रार्थनेत नव्हतो. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतो.

चहा पिऊन मी म्हाताऱ्याच्या खाटेवर जरा आडवा झालो, तो थेट पाचला उठलो. दोन गल्ल्या पलीकडचं घर माझी वाट बघत होतं. मी घाबरून चपला शोधू लागलो. आजी म्हणाल्या, "त्यांचा फोन आलता. म्या सांगितलं, साहेब झोपलेत, तुमची तुम्ही करा. केली त्यांनी."

ऐकून आधी मला चक्क अपमान वाटला. नाशिकच्या बसमध्ये निफाड मागे पडेपर्यंत तो टिकला. मग हळूहळू बरं वाटायला लागलं, इतकं की मलाच त्याची लाज वाटली.

त्या महिन्याच्या कमिटीपुढे मी राजीनामा ठेवला नाही, तीन महिन्यांच्या रजेचा अर्ज ठेवला. सचिवांनी तो दोनदा वाचला. पाळकाला कसली रजा, असं त्यांनी विचारलं.

"झोपायची," मी म्हणालो.