चंद्रीची ओळखपरेड

आमच्या शिरोळकडच्या गावात बसलिंगाप्पा गवळी ज्या गोष्टीसाठी प्रसिद्ध होता, नेमक्या त्याच गोष्टीसाठी पोलिसांना नकोसा होता. दिवाळी पाडव्याला सजवलेली म्हैस मोटारसायकलमागं पळवायची, तर गाडीचा सायलेन्सर काढावाच लागतो. गावातल्या सगळ्या म्हशींना हे पळणं तोच शिकवायचा, म्हणून हा गडी बारा महिने ढणढणत फिरायचा. शेवटी चौगुले हवालदारांनी समोर उभं राहून सायलेन्सर बसवून घेतला. तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

२००३ साली भर दुपारी बांधावरून त्याची चंद्री चोरीला गेली. महिन्याभरातली गावातली ही तिसरी म्हैस. बसलिंगाप्पाला घास गिळेना. अखेर त्याच्या बायकोनं, शांतव्वानं, हाताला धरून त्याला चौकीत नेलं. चौगुले हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "बाजारादिवशी समदं गाव घिऊन या."

आलं की अख्खं गाव! जनावरांच्या बाजाराच्या प्रत्येक वाटेवर आमची चार-चार माणसं. गिऱ्हाइकाचं सोंग मात्र कुणालाच जमेना. मी तर एकाच रेड्याचे दात तीनदा मोजले. चंद्री सापडली, पण व्यापारी छाती काढून म्हणाला, "माझीच हाय. काळी म्हस समदीकडं काळीच की! पुरावा दावा."

"माझ्या गाडीमागं पळती," बसलिंगाप्पा म्हणाला. बाजार खो-खो हसला. त्यानं किक मारली. चंद्रीनं कानसुद्धा हलवला नाही, निवांत रवंथ चालू. बसलिंगाप्पाचा चेहरा उतरला.

तेवढ्यात शांतव्वा कडाडली, "अवो हवालदार, तुमचा त्यो सायलेन्सर काढा की आदी!"

चौगुले बाह्या सारून मातीत बसले आणि त्यांनी पाना मागितला.

गाडी गरजली. चंद्रीनं मान उचलली, दावं तोडलं, व्यापाऱ्याला शेणात लोळवलं आणि सुटली. तिच्यामागं आणखी दोन सुटल्या, आमच्याच हरवलेल्या! व्यापारी उठून पळाला तो थेट आमच्या माणसांच्या मिठीत. मी रेड्याच्या मालकाला धरून नाचलो.

पंचनामा झाल्यावर चौगुले म्हणाले, "बसीव आता सायलेन्सर."

"मग ह्या घराकडं येत्याल कशा, सायेब?"

हवालदारांनी आजूबाजूला बघितलं, गार झालेला सायलेन्सर काखोटीला मारला आणि मागच्या सीटवर बसले. म्हणाले, "चल. अन् जरा रेस वाढीव, मागची दमली वाटतं."