इंजेक्शन, गोळी आणि डिंकाचे लाडू

"एलडीएल एकशे ब्याऐंशी," अमरावतीच्या हृदयरोगतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. एलडीएल म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल. "घरी कुणाला हृदयाचा त्रास?"

बाबा सेहेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मी चौतीस वर्षांचा.

"दुसरं काही औषध?"

"नाही."

साफ खोटं. चार वर्षांपासून मी दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतो. मुलगी म्हणून जन्मलो, पुरुष म्हणून जगतो. हा आवाज, ही दाढी त्या इंजेक्शनची. अकोल्यात जठारपेठेत राहतो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तपासायला अमरावतीला आलो. भीती एकच होती, मॅडम इंजेक्शन बंद करतील.

त्यांनी स्टॅटिन दिलं. त्या गोळीने यकृत कोलेस्टेरॉल कमी बनवतं. तीन महिन्यांनी नवा रिपोर्ट घेऊन यायचं होतं. मी नको तो शहाणपणा केला. रिपोर्ट चांगला यावा म्हणून मधली तीन इंजेक्शनं चुकवली.

अंगात त्राण राहिलं नाही. सारखी चिडचिड. आणि रिपोर्ट घेऊन निघालो त्याच दिवशी, बसमध्ये, चार वर्षांनी पाळी आली. मूर्तिजापूरच्या स्टँडवर पुरुषांच्या मुतारीबाहेर उभा होतो. आत जाववेना, बायकांकडे जाणं शक्य नव्हतं. रडूच आलं.

मॅडमसमोर रिपोर्ट उघडायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. फार थकलो होतो लपवून.

"आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "मनानं गोळी बंद करायची नाही, इंजेक्शनही नाही." टेस्टोस्टेरॉनने कोलेस्टेरॉल बिघडू शकतं, रक्तही दाट होतं, म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, अधूनमधून बघायचं. माझ्या हार्मोनच्या डॉक्टरांना त्यांनी तिथूनच फोन केला. इंजेक्शन पुन्हा सुरू करायचं ठरलं. मग मॅडमनी विचारलं, "खाण्यात तूप किती?"

तेव्हा लाडू आठवले.

इंजेक्शन सुरू केल्यावर आई वर्षभर माझ्याशी बोलत नव्हती. एका इंजेक्शनच्या दिवशी तिने डिंकाच्या लाडवांचा डबा समोर ठेवला. "तुहं आंग नवं होऊन रायलं. बाळंतिणीवाणी जपा लागते." तेव्हापासून दर इंजेक्शनला तुपात थबथबलेले लाडू. नको कोणत्या तोंडाने म्हणणार? अबोला सुटला होता त्या लाडवांनी.

घरी येऊन आईला सांगितलं. 

"तुह्या बापालेई असंच तूप चारलं म्या. कोणी सांगतलंच नाही मले."

"आई, एकट्या लाडवांनी नाही होत हे. बाबांचं रक्त आहे, इंजेक्शन आहे." तिला ते पटलं की नाही, कोण जाणे.

कंटाळा येतो खरंच. सुई, गोळी, उपाशीपोटी रक्त, पुन्हा रांग. माझ्यासारखं कुणी वाचत असेल तर एवढंच सांगतो, डॉक्टरांपासून लपवू नका. मला मॅडम चांगल्या भेटल्या. तुम्हाला पहिल्या फेरीत भेटतीलच असं नाही. दुसरीकडे जा, पण सांगा.

आता इंजेक्शनच्या दिवशी एकच लाडू मिळतो, लिंबाएवढा. पहिल्यांदा तो देताना आई माझ्या दाढीकडे बघत म्हणाली, "बापावाणी दिसाले लागला तू, पोरा. पण त्याच्यावाणी जाऊ नको."

पोरा म्हणाली. तेव्हापासून माझी एकही गोळी चुकलेली नाही, एकही इंजेक्शन नाही.