माझी जपानी जोडीदार

माझ्या तिखट तोंडाबद्दल सासर-माहेर दोन्हीकडे एकमत आहे. मनात आलं की बोलून मोकळी, मग समोर साहेब असो की सासूबाई. हेच तोंड बहरीनमध्ये तीन आठवडे शिवल्यासारखं बंद राहिलं, आणि जिला सांगायला हवं होतं तिलाच मी काही सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा कारखान्यात टेक्निशियन, मी एका ऑफिसात टायपिंग करायचे, राहायला अरादला. नागपुरात मी कॉलेजकडून बॅडमिंटन खेळले होते, म्हणून शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मराठी मंडळानं भाड्यानं घेतलेल्या हॉलवर जायचे. कोर्ट मिळायचं, जोडीदार मिळायची नाही. बाकीच्या बायका पुण्या-मुंबईच्या, बँकवाल्यांच्या, ऑडिटवाल्यांच्या. पहिल्या भेटीत आडनाव विचारायच्या आणि ते ऐकलं की बोलणं जरा आखडतं व्हायचं. वाईट कुणी बोललं नाही कधी. पण "आज आमची चौघींची ठरलीय हो" हे इतक्यांदा ऐकलं की मी भिंतीवर एकटीच शटल मारत बसायचे आणि मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करायचे.

मग ती आली. आमच्या ऑफिसात कामानिमित्त येणाऱ्या एका जपानी इंजिनिअरची बायको. अदलियातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर कंटाळते, कुठे खेळायला मिळेल का, असं त्यानं विचारलं आणि मी तिला पाहुणी म्हणून हॉलवर नेलं. पहिल्याच दिवशी तिनं एसी बंद करायला लावला. हवेनं शटल सरकतं म्हणे. जुलै महिना, बाहेर तापलेला तवा, आणि ही बाई एसी बंद करतेय! बायकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. पण ती खेळायला लागल्यावर सगळ्या बाकावर येऊन बसल्या.

अठराव्या वर्षापासून ती जपानात एका कंपनीच्या संघात होती. सकाळी कंपनीच्या ऑफिसात काम, दुपारनंतर सराव, राहायला कंपनीचंच वसतिगृह. खेळायची फक्त डबल्स, तीही आठ वर्षं एकाच मुलीबरोबर. बाहेरच्या देशांतही खेळून आली होती. मग एकाएकी सगळं सोडलं, लग्न केलं आणि इकडे आली. का सोडलं ते सांगायची नाही. चार वर्षांत रॅकेट हातात धरली नव्हती एवढंच म्हणायची.

मला तिनं पार पिळून काढलं. मी जाळीजवळ, ती मागे. रॅकेट जरा खाली गेली की मागून हाक यायची. मी वैतागून मराठीत काहीबाही बोलायचे, ती हसायची आणि पुन्हा तिथंच उभी करायची. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचं छान जमायचं. चार महिन्यांत आम्हा दोघींना एकमेकींकडे बघायचीही गरज उरली नाही. मंडळाची वार्षिक स्पर्धा आम्ही खेळायची असं ठरलं. तिनं सकाळी रस्त्यावर पळायला सुरुवात केली. चार वर्षांनी मॅच खेळणार म्हणून नवऱ्यानं तिच्यासाठी नवा कॅमेरा घेतला. ती किती आनंदात होती ते मला दिसत होतं.

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, वहिनी, वार्षिक स्पर्धा फक्त सभासदांची, पाहुण्यांना नाही, कमिटीत हरकत आलीय. एवढं सांगून थांबले असते तर मी तिथंच भांडले असते. पण पुढे म्हणाले, आमच्या हिची जोडीदार भारतात गेलीय, तुम्ही हिच्याबरोबर खेळा ना. तेवढ्यात त्यांची बायको आली, माझा हात धरला, म्हणाली, आपण दोघी मिळून कप आणू, आणि उद्या चहाला घरी याच.

बहरीनमधल्या पाच वर्षांत मला कुणी चहाला बोलावलं नव्हतं. मी हुरळले. लाज वाटते सांगायला, पण हुरळले. फॉर्मवर सही केली आणि जपानी बाईला उद्या सांगू म्हटलं. तो उद्या काही उजाडेना. तिच्याबरोबर सरावही चालूच ठेवला, कारण न सांगता सराव बंद कसा करायचा!

त्याच्या दुसऱ्या शुक्रवारी आम्ही दोघी माझ्या गाडीतून झल्लाकला गेलो. समुद्राशी गाडी लावून सँडविच खात होतो, आणि तिनं आपणहून सांगितलं. एके दिवशी वसतिगृहाच्या जेवणघरात संघाची यादी लागली. तिच्या जोडीदारासमोर एका नव्या मुलीचं नाव. आठ वर्षांची जोडी तुटली. "त्याचं वाईट नाही वाटलं," ती म्हणाली, "खेळात होतं तसं. पण तिला महिनाभर आधी माहीत होतं. महिनाभर ती माझ्या खोलीत झोपली, माझ्यासमोर जेवली." म्हणून तिनं खेळ सोडला होता.

आत्ता बोल, आत्ता बोल, असं मी स्वतःला सांगत होते. तिनं माझ्याकडे पाहून म्हटलं की तुझ्याबरोबर पुन्हा खेळावंसं वाटलं. मी गाडी सुरू केली आणि परत येईपर्यंत ट्रॅफिकबद्दल बोलत राहिले.

स्पर्धेच्या सकाळी ती नवऱ्याला घेऊन आली. जोड्यांची यादी हॉलच्या दाराला लावली होती. तिनं ती दोनदा वाचली. मग माझ्याकडे वळली. मी पटकन म्हटलं, "मलाही आत्ताच कळलं."

तिनं लगेच विश्वास ठेवला. माझा खांदा थोपटला आणि तडक सेक्रेटरींकडे गेली. जन्मात आवाज न चढवणारी बाई माझ्यासाठी भांडायला लागली. माझं राहू दे, पण या बाईनं चार महिने घाम गाळलाय, तिला आधी सांगायला नको होतं का, असं विचारत होती. सेक्रेटरी बिचारे गोंधळले. त्यांना वाटलं होतं, मी तिला केव्हाच सांगितलं असेल. म्हणाले, "त्यांना माहीत आहे. तीन आठवडे झाले, त्यांची सही आहे."

ती सावकाश माझ्याजवळ आली.

"आपण समुद्रावर गेलो होतो, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

ती नवऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली, त्यानं कॅमेरा पिशवीत ठेवला आणि दोघं निघाली. मी मागे धावायला हवं होतं. तेवढ्यात माईकवर आमच्या जोडीचं नाव पुकारलं आणि मी कोर्टावर गेले. जाळीजवळ उभी राहिले, रॅकेट वर धरली. आणि खरं सांगते, आयुष्यात इतकी चांगली मी कधी खेळले नव्हते.