देवीला वाहिलेला पंप

"आधी ते कुट्टीचं मशीन बंद करा," मी म्हणाले. कुणाला ऐकू आलं नाही. शेवटी मी स्वतः जाऊन मशीन चालवणारा ट्रॅक्टर बंद केला आणि चावी एप्रनच्या खिशात टाकली. कडब्याची धूळ हळूहळू खाली बसली. तेव्हा मला दिसलं, की शेडच्या खांबाला धरून वाकलेली मुलगी सविता आहे.

सविताला मी लहानपणापासून ओळखते. दिवाळीच्या सुमारास, ज्वारी-बाजरीच्या खळ्याच्या दिवसांत, तिची छाती वाजायची आणि तिची आई गयाबाई तिला माझ्या गेवराईच्या दवाखान्यात आणायची. पुढे सविता पुण्यात नर्सिंग शिकली, जर्मन भाषा शिकली आणि जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागली. चार वर्षांनी ती पहिल्यांदाच रजेवर आली होती. पण घरी नाही, छावणीत. घराला कुलूप होतं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. उमापूरच्या पुढे दूध सोसायटीने चारा छावणी उघडली होती. लोक जनावरं घेऊन तिथे येतात आणि जनावरांपाशीच मुक्काम करतात. हिरव्या जाळीच्या सावलीत गाई-म्हशी, शेजारी पाल, पालासमोर तीन दगडांची चूल. चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. गयाबाई विधवा. दोन गाई आणि एक म्हैस घेऊन ती महिनोन्‌महिने तिथेच राहत होती. मी दर गुरुवारी तिथे ओपीडी करायचे. म्हणून त्या दिवशी मी जागेवर होते. बुधवार असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

सविताच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. मी विचारलं, "किती वेळ झाला?" तिला उत्तर देता येईना. एक शब्द, मग श्वास, मग पुढचा शब्द. दम्याच्या पेशंटची छाती शिट्ट्या मारते तोवर डॉक्टरला फार भीती वाटत नाही. शिट्ट्या थांबतात तेव्हा वाटते, कारण शिट्टी वाजायलासुद्धा थोडी हवा आत जावी लागते. मी स्टेथोस्कोप लावला. पाठीत खाली जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

माझ्या बॅगेत लगेच आराम देणारा पंप होता, पण स्पेसर नव्हता. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधला पोकळ डबा. औषध आधी त्या डब्यात जमतं आणि पेशंट त्याच्या त्याच्या गतीने ते ओढतो. इतका दम लागलेल्या माणसाला नुसता पंप दिला तर औषध घशातच बसतं. मी पाण्याची प्लास्टिकची बाटली मागितली. एका बाईने बाटलीतलं पाणी आधी काळजीपूर्वक घागरीत ओतलं आणि मग बाटली दिली. त्या वर्षी तिथे पाणी कुणी जमिनीवर ओतत नव्हतं. मी बाटलीच्या तळाला कात्रीने भोक पाडलं, त्यात पंप बसवला आणि दुसरं टोक सविताच्या तोंडात दिलं.

"ओढ. परत. घाई नको."

नर्स असल्यामुळे तिला याहून जास्त सांगावं लागलं नाही. मी दंडात स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने पाठीत पहिली शिट्टी ऐकू आली. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, आता जास्तच बिघडलं.

"तुझा रोजचा पंप कुठे आहे?" मी विचारलं.

सविताने आईकडे पाहिलं. गयाबाई म्हणाली, "ते देवीला वाहिलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय वाहिलं?"

"पंप. नवस हुता माझा. पोरगी हितं यिऊन मोकळा दम घ्यायली, तर आजार तुझ्या पायाशी ठिवते म्हणलं हुतं. ठिवला. नारळ बी दिला."

आमच्याकडे डोळे बरे झाले की देवीला चांदीचे डोळे वाहतात. मूल झालं की पाळणा बांधतात. दम्याचं चांदीत काय करणार? गयाबाईने पंपच वाहिला. तिच्या हिशोबाने त्यात चूक काहीच नव्हती.

मी सविताला माझ्या गाडीत मागे बसवलं, गयाबाईला तिच्या शेजारी, आणि गेवराई गाठली. ट्रॅक्टरची चावी खिशातच राहिली होती, हे दवाखान्यात ऑक्सिजन लावून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सविता पूर्ण वाक्यं बोलू लागली, तेव्हा मी तिला सगळं क्रमाने विचारलं.

जर्मनीत गेल्यावर पहिली दोन वर्षं तिला काहीच त्रास नव्हता. पंप कपाटात पडून होता. तिने फोनवर सांगितलं आणि गयाबाईने गावभर सांगितलं, की तिकडच्या हवेने पोरगी बरी झाली. तिसऱ्या वर्षी तिकडची थंडी सरल्यावर शिंका सुरू झाल्या, डोळे खाजू लागले, मग छाती भरली. तिथे बर्च नावाचं झाड आहे. त्याचे परागकण तेव्हा हवेत असतात. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या करून तेच कारण सांगितलं आणि रोज घ्यायचा पंप दिला. चौथ्या वर्षी त्रास इतका वाढला, की नाइट ड्यूटीत पेशंटपेक्षा हिलाच दम लागायचा. तिने रजा टाकली आणि ऐन त्या मोसमात इकडे आली.

"इथे आल्यावर किती दिवसांत बरं वाटलं?"

"लगेच, मॅडम. मायच्या शेजारी गोधडीवर सलग झोप लागली. तिकडं तशी झोप कितीतरी दिवसांत न्हवती."

"मग पंप दिलास?"

ती छताकडे बघत म्हणाली, "माय इतकी खूश हुती. आणि मला बी वाटलं, आपली हवाच आपल्याला मानवते. शिकलेलं सगळं माहीत हुतं. तरी वाटलं."

मी तिला जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण परगावी, परदेशी जाणारे पुष्कळ जण हीच गफलत करतात. अॅलर्जी म्हणजे शरीराने निरुपद्रवी गोष्टीला चोर समजणं. पण एखाद्याला चोर ठरवायचं तर आधी तो पाहिलेला असावा लागतो. नव्या देशात गेलं, की जुने चोर मागे राहतात. इथला कडबा, गाजरगवत, चुलीचा धूर तिकडे नव्हता, म्हणून सविताला बरं वाटलं. तिथल्या झाडांची शरीराला ओळखच नव्हती. ती ओळख व्हायला काही मोसम जातात. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पण दम्याची प्रकृती असलेल्यांचं बऱ्याचदा होतं. परत आल्यावर बर्च मागे राहिला, म्हणून पुन्हा बरं वाटलं. शिवाय रोजचा पंप बंद केल्यावरही त्याचा असर थोडे दिवस टिकतो. तो ओसरला आणि समोर कुट्टीचं मशीन होतं.

"म्हणजे मी कुठंच बरी झाले न्हवते," सविता म्हणाली.

"नाही. दोन्ही वेळा फक्त जागा बदलली होती."

गयाबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली. "ते काई बी असू द्या. आता मी हिला धाडणार न्हाई. लई झालं जर्मनी. तिकडचं झाड बाधलंय हिला."

"माय, काल मला हितला कडबा बाधला."

"कडबा काय, पुसून काढता येतो. परक्या मुलखातलं झाड कसं पुसावं?"

सविताची रजा आठवड्याभरात संपत होती. गेली नाही तर नोकरी जाणार होती आणि ती पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. मी आईशी वाद घालायला बसले असते, तर तो आठवडा त्यातच गेला असता.

"गयाबाई, तुम्हाला इथली हवा मानवते?"

"मला काय व्हतंय? हितंच जलमले," ती म्हणाली आणि थांबली. श्वास घेतला. "हितंच म्हातारी झाले. आपली हवा... आपल्याला बाधत नसती."

ते थांबणं मी इतकी वर्षं ऐकत आले होते. पण ती नेहमी मुलीला घेऊन यायची, स्वतःला दाखवायला कधीच नाही. मी टेबलावरचं पीक फ्लो मीटर तिच्या हातात दिलं. ही प्लास्टिकची एक नळी असते. जोरात फुंकलं की काटा सरकतो. हिरव्या पट्ट्यात गेला तर ठीक, पिवळ्यात गेला तर सावध, लाल पट्ट्यात राहिला तर डॉक्टर गाठायचा.

"फुंका जोरात."

"चूल हाय का ही, फुकायला?"

"चूल समजा."

तिने फुंकलं. काटा लाल पट्ट्यात राहिला. पुन्हा फुंकायला लावलं, तरी तिथेच. "मोडलंय तुमचं," ती म्हणाली.

सविताने हात पुढे केला. आदल्या दिवशी मरता मरता वाचलेल्या पोरीने फुंकलं, तर काटा पिवळ्यात जाऊन थांबला. माझा स्टेथोस्कोप घेऊन तिने आईच्या पाठीला लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"माय, हे कवापासून हाय?"

"कशाचं कवापासून? वय झालं माझं."

"वय न्हाई हे. मी तिकडं लोकांच्या म्हाताऱ्यांच्या छात्या तपासते, आणि माझी माय..."

मग दोघींची बोलणी झाली. बाजारात म्हशीचा सौदा व्हावा तशी.

"तू पंप घेशील तर मी जाते."

"तू जाशील तर मी घेते."

"रोज. बरं वाटलं तरी."

"तू बी रोज. आन्‌ मला फोनवर दाखवून घ्यायचा."

मी दोघींना दोन पंप लिहून दिले आणि छावणीवर गेले. तिथे सोसायटीचे चेअरमन, ज्यांना सगळे आबा म्हणतात, माझी वाटच बघत होते.

"म्याडम, चावी नेली तुम्ही. कुट्टी बंद. जनावरं उपाशी ठिवायची का?"

"घ्या चावी. पण मशीन इथे नको. वारा पश्चिमेचा आहे आणि मशीन पश्चिमेला. सगळी धूळ पालांवर जाते. पलीकडच्या टोकाला न्या."

"तिकडं ट्रॅक्टर वळत न्हाई."

"मग कुट्टीवर पाणी मारा."

आबा नुसते हसले. टँकर दोन दिवस आला नव्हता. मलाही ते माहीत होतं.

"आबा, गेल्या महिन्यात इथेच मांडव घालून तुम्ही सविताचा सत्कार केलात. जर्मनीची लेक म्हणून शाल दिलीत. काल ती त्याच जागी गेली असती, तर पेपरात काय छापून आलं असतं?"

आबांनी टोपी काढून डोक्यावरचा घाम पुसला. "तुमी डॉक्टर हाय का वकील?" असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर वळेल एवढी जागा करून दिली. पालांमधला खोकला संपला नाही, पण कमी झाला. चुलींचं मी काही करू शकले नाही.

सविता ठरल्या दिवशी गेली. पंप हातातल्या पिशवीत, सगळ्यात वर. पुढचे काही महिने मी छावणीत गेले, की गयाबाई पालामागे पदराआड बाटलीतून पंप ओढताना दिसायची आणि समोर फोनच्या पडद्यावर सविता तिचा पंप ओढत असायची. दोघी एकमेकींवर पाळत ठेवून होत्या. गयाबाईचा काटा हळूहळू पिवळ्यात आला.

देवीपुढचा पंप मात्र तिथेच राहिला. तो परत मिळावा म्हणून मी देवळात गेले नव्हते, नवा पंप मेडिकलमध्ये मिळत होताच. मी गेले, कारण त्या प्रसंगानंतरच्याच गुरुवारी एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "सविता वाचली ती पंप वाहिल्यामुळंच ना?" देवळात जाऊन पाहिलं, तर बांगड्या आणि पाळण्यांच्या शेजारी दोऱ्याला आता तीन पंप लटकत होते.

गुरव म्हणाला, "वाहिलेलं परत देता येत न्हाई, म्याडम."

"ठीक आहे. पण वाहायच्या आधी थांबवता येतं का?"

त्याने विचार केला. "आधी येतं. हातात हाय तवर त्या माणसाचं असतंय."

मी त्याला माझा नंबर दिला. बाकीच्या दोन पंपांचे मालकही त्यानेच सांगितले. त्यातल्या एकाला मी वेळेत गाठलं. दुसऱ्याला नाही.

छावणी उठून आता बरीच वर्षं झाली. पेशंट अजूनही विचारतात, "पुण्याला चाललो, दुबईला चाललो, हवा बदलेल, औषध सोडू का?" मी सांगते, की जागा बदलल्यावर बरं वाटलं तर आनंद माना, पण औषध डॉक्टरला विचारूनच सोडा. मोठमोठ्या हॉस्पिटलांतून मला रेफरन्सच्या चिठ्ठ्या येतात. तरी सगळ्यात नेमका रेफरन्स अजून गुरवाचाच असतो. मागच्या आठवड्यातसुद्धा त्याचा फोन आला होता.

"म्याडम, एक बाई आलीया. लई बरं वाटायलंय म्हणती. पंप हातातच हाय. काय करू?"

"नारळ घ्या," मी म्हणाले. "पंप तिच्याच हातात राहू द्या, आणि तिला इकडे पाठवा."