ओटीपी मावशी

“नाही सांगणार.”

“अगं ताई, सहा आकडे तर आहेत!”

“मागच्या बँकेलाही सहाच होते. त्याच्या आधीच्या बँकेलाही.”

धाकटी ओट्याला टेकून उभी, हातात बँकेने दिलेला टॅब. थोरली धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा फोन टॉवेलखाली एकदा वाजून गप्प झाला होता.

धाकटी बँकेची खाती विकते. ही तिसरी बँक. तिच्या लाइनीत नातेवाइकांना ‘वॉर्म लीड’ म्हणतात, म्हणजे ओळखीमुळे चटकन पटणारं गिऱ्हाईक. नव्या जागी रुजू झालं की पहिले काही महिने आत्या, मामा, शाळेतल्या मैत्रिणी, वरच्या मजल्यावरचे काका यांच्यावर निघतात. मग माणसं संपतात, टार्गेट संपत नाही. साहेब रोज सकाळी सगळ्यांदेखत विचारतो, “आज काय आणताय?” आणि अनोळखी माणूस दार अर्धंच उघडतो. अशा वेळी माणूस नोकरी बदलतो. पगार वाढला असं घरी सांगतो, तेही खोटं नसतं. पण खरी सोय वेगळीच: नव्या बँकेत जुनी आत्या पुन्हा नवी होते.

ताईची मुलगी तिला ‘ओटीपी मावशी’ म्हणते. तोंडावर म्हणते.

“भावजींनी तर लगेच सांगितला,” धाकटी म्हणाली.

“त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. म्हणून तर माझ्याशी लग्न झालं.”

“ताई, मस्करी नको गं. शनिवारपर्यंत हे एक खातं झालं नाही तर मला कायम करणार नाहीत. साहेबाने स्पष्ट सांगितलंय.”

“आधीचं खातं वापरतंय कोण? कार्ड पाकिटातून बाहेरसुद्धा काढलं नाही मी.”

“नको वापरूस. नुसतं उघड.”

टॅबवर धाकटीने पुन्हा बोट टेकवलं. टॉवेलखाली फोन वाजला. ताईने या वेळी तो काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला.

“चार. शून्य. सात.”

धाकटीचं बोट टॅबवर भराभर चाललं. “हं, पुढे?”

ताईने फोन पालथा मांडीवर ठेवला.

“पुढचे तीन सांगितले की तुझं इथलं काम झालं. मग परत कधी येशील? चौथी बँक धरलीस की?”

उरलेले तीन आकडे न मागताच धाकटीने टॅब पिशवीत सरकवला, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि जिना उतरू लागली.