'चांगला' म्हणायला बंदी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मिरजेच्या एका दवाखान्यात टेस्ट ट्यूब बेबीचं काम सुरू झालं, तेव्हा मी आणि माधवनगरची माझी मैत्रीण तिथल्या लॅबमध्ये शिकाऊ होतो. मायक्रोस्कोपखाली दोन दिवसांचे गर्भ बघायचे आणि पोटात ठेवण्याजोगा कोणता ते सांगायचं, हे आमचं काम. मी म्हणे 'छान', ती म्हणे 'बरा'. मला तिचा राग यायचा. डोळे तर दोघींचेही धड होते!

आम्हाला शिकवायला मुंबईच्या एक मॅडम येऊन राहिल्या होत्या. एकदा त्यांनी सकाळी गर्भांचे फोटो दाखवून आमचे शेरे घेतले आणि जेवणानंतर तेच फोटो क्रम बदलून पुढे टाकले. मैत्रिणीशी राहू दे, माझंच माझ्याशी जुळेना! मला मोठी गंमत वाटली. फोटो पुन्हापुन्हा लावून बघत बसले तेव्हा कुठे उमगलं: देखण्या गर्भापाठोपाठ आलेला साधा गर्भ मला वाईट दिसत होता. गोऱ्या बहिणीशेजारी बसवलेली सावळी मुलगी पाहुण्यांना जास्तच सावळी वाटते, त्यातलाच प्रकार.

मॅडमनी फर्मान काढलं. लॅबमध्ये 'चांगला', 'वाईट' म्हणायचं नाही. पेशी किती, सारख्या की लहानमोठ्या, भोवती तुटलेल्या पेशींचा चुरा किती, तेवढंच सांगायचं, आणि तेही दुसरीचं ऐकण्याआधी. जिची जीभ घसरेल तिनं सगळ्यांना भडंग आणायचं. सुरुवातीला मीच आणून आणून वैतागले.

मग पलूसची एक सून आली. तिचा एकच गर्भ तयार झाला होता. मनातल्या मनात मी त्याला 'वाईट' म्हणून केव्हाच मोकळी झाले होते. ठेवूच नये, उगाच आशा कशाला लावायची? पण आम्ही दोघींनी वेगवेगळं पाहून सांगितलं ते तंतोतंत जुळलं: चार पेशी, दोन मोठ्या, दोन लहान, चुरा थोडा. त्यात 'ठेवू नये' असं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी ठेवायचं ठरवलं.

टेबलावर पडल्या पडल्या तिनं मला विचारलं, "ताई, चांगला हाय न्हवं?"

'हो' म्हणायला माझं काय जात होतं? पण जिभेला वळण लागलं होतं. "चार पेशी आहेत," मी म्हणाले. "दोन मोठ्या, दोन लहान."

"थोरल्या दोघी, धाकट्या दोघी," ती हसली. "एकमेकींला धरून हायत न्हवं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी आठवून पाहिलं. "आहेत," म्हणाले.

गर्भ राहिला नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी मीच तिला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं,

"शेवटपतूर संगं हुत्या न्हवं चौघी?"

मायक्रोस्कोपखाली ते दिसत नाही. मला रडू फुटलं, तिच्याआधी.