पिशव्यांपाशी कोण बसणार?

अजमानमध्ये घर असलं की माणूस आपोआप टूर गाइड होतो. माझी नोकरी हमरिया फ्री झोनमध्ये स्टोअर ऑफिसरची, पण नातेवाइकांच्या लेखी मी म्हणजे गाडी आणि रिकामी खोली असलेला मनुष्य. बारा वर्षांत पाहुण्यांच्या पाच तुकड्या मी अबू धाबीच्या थीम पार्कला नेऊन सुखरूप परत आणल्यात. लोक तिथे काय काय चुका करतात त्याची यादीच आहे माझ्याकडे. पाहुणा विमानात बसायच्या आधी ती त्याला व्हॉट्सॲपवर जाते. शनिवार-रविवारी जाऊ नका, तिकीट गेटवर न काढता ऑनलाइन काढा, बाहेर भट्टी असली तरी आत एसीने दात वाजतात तेव्हा स्वेटर घ्या, साडी नेसू नका, आणि घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. एवढं लिहूनही प्रत्येक जण डबा आणतोच. आपल्या लोकांना नियम सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सहावी तुकडी होती आई आणि अप्पांची. लांज्याजवळच्या आमच्या गावाहून दोघं दोन महिन्यांच्या व्हिसावर आले होते, आणि त्यातले नऊच दिवस उरले होते. ऑक्टोबरात रेवाच्या शाळेला आठवडाभर सुट्टी लागली. रेवा माझी मुलगी, वय बारा. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. बायकोला रजा मिळेना, म्हणून आम्ही चौघांनीच जायचं ठरलं.

जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. अप्पा शेजारी येऊन बसले. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, पण कुठलाही कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही.

"एक तिकीट केवढ्याला?"

"तीनशे दिरहम. म्हणजे सात हजारांच्या वर."

"मग हिचं कशाला काढतोस? ही काय पाळण्यात बसणारे? पिशव्यांपाशीच बसणार."

"अप्पा, आत शिरायलाच तिकीट लागतं."

"म्हणजे बाकड्यावर बसायचे सात हजार! कमाल आहे बुवा या लोकांची."

आई ओटा पुसत होती. तिने पाठमोरीच विचारलं, "त्या मोठ्या पाळण्याला वयाची अट असते का रे?"

मला वाटलं अप्पांसाठी विचारत्येय. "वयाची नाही, पण बीपीवाल्यांना नको म्हणतात. अप्पांसाठी छोट्या राइड्स बघून ठेवल्यात मी."

"बरं," आई म्हणाली आणि फडकं पिळून वाळत घातलं. आई बासष्ट वर्षांची. बीपी नाही, शुगर नाही, डावा गुडघा तेवढा अधूनमधून कुरकुरतो. प्रश्न तिने स्वतःसाठी विचारला होता. मोठ्या पाळण्यात तिला बसायचं होतं. हे मला मंगळवारी दुपारी कळलं.

त्याआधी रविवारी रास अल खैमाची फेरी झाली, ती अप्पांच्या हट्टाखातर. तिथे कसिनो होणार हे त्यांनी गावातच कुणाकडून तरी ऐकलं होतं. "जन्मभर रमी खेळलो, एकदा खरा अड्डा तरी बघू." अजमानहून तासाभराचा रस्ता, टोल नाही. तुम्हीही याच कारणासाठी निघणार असाल तर जरा थांबा. आम्ही गेलो तेव्हा तिथे बांधकाम चालू होतं, क्रेन उभ्या होत्या, बाकी काही नाही. आणि एक जास्त महत्त्वाचं. परवाना नसलेल्या ठिकाणी पैशांवर खेळणं इथे गुन्हा आहे, मग ते चार मित्रांत असो की मोबाइलवर. सुट्टीवर आलोय म्हणून कुणी सोडत नाही. नाक्यावरच्या पठाण वॉचमनने अप्पांकडे बघून हात हलवला, "खलास अंकल, आगे बंद है." अप्पांनी खिशातला पत्त्यांचा कॅट तसाच आत ढकलला. तो त्यांनी बरोबर कशाला घेतला होता हे मी विचारलं नाही.

मग समुद्रावर गेलो. दोन-दोन दिरहमचा कडक चहा घेतला, पायजमे वर केले आणि आम्ही तिघं पाण्यात शिरलो. आई काठावर उभी होती. एका हातात माझे बूट नि अप्पांच्या चपला, दुसऱ्यात रेवाच्या सँडल नि पर्स. "तू पण ये ना," असं कुणीच म्हणालं नाही. मीही नाही.

मंगळवारी सकाळी सातला निघालो. दुबईत टोल लागू नये म्हणून मी नेहमी बाहेरचा ६११ नंबरचा रस्ता धरतो. ट्रकांची सोबत असते, पण खिसा शाबूत राहतो. पार्किंग फुकट, दहाला गेट उघडतं, साडेनऊला पोचलात की पहिल्या राइडला रांग जवळजवळ नसते. हे माझं गणित. आईने पहाटे उठून वीस घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी केली होती. यादी तिलाही गेली होती, हे इथे नमूद करतो.

बॅग तपासणाऱ्या बाईने डबा उघडला, वास घेतला आणि हसून मान हलवली. "नो फूड, मामा."

"टाकून द्या म्हणाली का ती?" आईने मला विचारलं.

"हो."

"अन्न टाकायचं नाही." आई मागे वळली. आम्ही परत गाडीपाशी गेलो आणि तापलेल्या पार्किंगमध्ये, बॉनेटवर डबा ठेवून, पाच-पाच घावणे खाल्ले. शेजारच्या गाडीपाशी एक गुजराती कुटुंब उभ्याउभ्या थेपले संपवत होतं. त्यांनी आम्हाला कैरीचा छुंदा दिला, आम्ही त्यांना चटणी दिली. पहिली रिकामी रांग हुकली. गणित गेलं खड्ड्यात, पण घावणे झकास झाले होते.

आत शिरल्याबरोबर भाड्याचे लॉकर लागतात. दिवसाचे पंधरा दिरहम. आमच्याकडे तीन पिशव्या होत्या, स्वेटर, अप्पांची औषधं, पाण्याच्या बाटल्या, रेवाचे जादा कपडे. मी लॉकरकडे वळलो तर अप्पांनी दंड धरला.

"पिशव्या ठेवायचे साडेतीनशे रुपये? आई आहे ना!"

हे वाक्य ऐकत मी लहानाचा मोठा झालो. आमच्या गावची जत्रा मार्गशीर्षात भरते, तिथे लाकडी रहाटपाळणा यायचा. मी सहा वर्षांचा असेन. अप्पा आणि मी पाळण्यात, आई खाली. वरून मी जिवाच्या आकांताने हात हलवत होतो आणि ती नुसती बघून हसत होती. हात करत का नाही म्हणून मी रुसलो होतो. एका हातात माझ्या नि अप्पांच्या चपला, दुसऱ्यात पिशवी, हात करणार कशाने?

असो. मोठ्या रोलर कोस्टरच्या बाहेर पडायच्या वाटेसमोर एक बाकडं आहे. तिथे आईला बसवलं, पिशव्या पायाशी लावल्या. अप्पा थ्री-डी सिनेमाला गेले आणि पहिल्या दहा मिनिटांत झोपले, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. मी आणि रेवा रांगेत उभे राहिलो. पाऊण तास रांग, दोन मिनिटं राइड. अशा दोन राइड्स करून आलो.

"कंटाळलीस का गं?"

"छे! बघत्येय ना." आईने चष्मा वर सरकवला. "एका फेरीला सोळा माणसं जातात. पहिला चढ तेवीस आकडे म्हणेपर्यंत चालतो. पुढच्या रांगेतली माणसं हात वर करून येतात, मागची डोळे मिटून. पुढे बसलेलं बरं असणार."

"मस्त निरीक्षण केलंस," मी म्हणालो, आणि पाण्याची बाटली घेऊन पुन्हा गेलो. डोळ्यांदेखत तिने अख्खा अर्ज भरून माझ्यापुढे ठेवला होता, मी तो न वाचता परत दिला. अप्पांचाच मुलगा, पण तेवढाही कागद वाचला नाही.

आणखी तीन राइड्स करून साडेतीनला आलो तर बाकडं रिकामं.

आई नाही. पिशव्याही नाहीत. तिच्या फोनला इथलं कार्ड नाही, इंग्रजी येत नाही. मी बायकांच्या स्वच्छतागृहात रेवाला पाठवलं, ती एकटीच बाहेर आली. तेवढ्यात अप्पा आले. त्यांचा चेहरा उतरला, पण तोंडातून निघालं ते रागाचंच. "एका जागी बस म्हणून सांगितलं होतं! एवढं एक काम होतं तिला!"

मी हेल्पडेस्क शोधत निघालो. राइडवर गाडी उताराला लागली की कॅमेरा फोटो काढतो आणि बाहेर काउंटरवर पडद्यावर दाखवतो. विकत घेतला तर साठ दिरहम, घेऊ नका, हेही माझ्या यादीत आहे. रेवा त्या पडद्यासमोर गचकन थांबली.

"बाबा. बाबा! दॅट्स आजी!"

पहिल्या रांगेत, डाव्या टोकाला, माझी आई. केस सुटलेले, चष्मा नाही, तोंड आ वासलेलं. एका मुठीत गळ्यापाशी मंगळसूत्र घट्ट धरलेलं आणि दुसरा हात सरळ वर, पाची बोटं फाकलेली. चष्म्याशिवाय तिला दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, तरी डोळे टक्क उघडे. इतकी वर्षं मी हा चेहरा बघतोय, असा कधी बघितला नव्हता.

तेवढ्यात आई बाहेर पडायच्या वाटेने आली. चष्मा लावलेला, ओढणी खोचलेली, चालताना जराशी झोकांडी. अप्पा पुढे झाले.

"पिशव्या कुठायत?"

"लॉकरात. पंधरा दिरहम पडले."

"कोणी दिले?"

"मी. घरखर्चाला सूनबाईने दिले होते, त्यातले."

हकिकत अशी. रांगेपाशी उभी असणारी नेपाळी मुलगी सकाळपासून आईला बघत होती. दुपारी जवळ येऊन म्हणाली, "आंटीजी, आप नहीं बैठोगे?" आई म्हणाली, "बैग कौन देखेगा?" मुलीने तिला लॉकर दाखवला, चष्मा ठेवायला कप्पा दाखवला आणि एकट्या माणसांच्या रांगेत उभं केलं.

"एकट्या माणसाची वेगळी रांग असते इथे," आई मला सांगत होती. "वीस मिनिटांत नंबर लागतो. तुला माहीत होतं?"

माहीत होतं. पाच तुकड्यांना मी ते सांगितलं होतं.

"आजी, वर यू स्केअर्ड?" रेवाने विचारलं.

"पहिल्या चढाला वाटली हो भीती. मग उतार लागला नि भीती वाटायला वेळच नाही राहिला." आणि मग माझ्याकडे वळून, जत्रेत पोरं मागतात तसं, "अजून एकदा बसू या रे? आता तुझ्याबरोबर."

मी घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते. पाचनंतर शारजापासून गाड्या खोळंबतात, अजमानला पोचायला साडेतीन तास लागतात. मी हे तिला नीट समजावून सांगितलं. "पुढच्या वेळी नक्की," म्हणालो.

"बरं," आई म्हणाली. ओटा पुसताना म्हणाली होती तेच बरं.

शारजाला ट्रॅफिक लागलाच. नऊ दिवस संपले, मी दोघांना विमानतळावर सोडून आलो. साठ दिरहमचा फोटो घेतला नाही, पडद्याचा मोबाइलवर काढू देत नाहीत. तेव्हा तो आता फक्त आमच्या डोक्यात आहे. या सगळ्या ट्रिपमधून काय उरलं म्हणाल तर मला लाज वाटते, ती उरली. मी माणसांना राइड्ससाठी उंची विचारतो, बजेट विचारतो, शाकाहारी का विचारतो. आईला बसायचंय का हे एका परक्या मुलीने विचारलं. आणि आईने स्वतःहून मागितलं तेव्हा मी तिला ट्रॅफिक सांगितला. पाहुण्यांना पाठवायच्या यादीत आता पहिलीच ओळ घातली आहे, लॉकर घ्या. तुमच्याकडे आई असली तरी घ्या.

परवा, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, अप्पांचा व्हिडिओ कॉल आला. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होतो. पडद्यावर आधी नुसता उजेड, मग पिपाण्या, मग अप्पांचं कपाळ. गावात जत्रा भरली होती. पाळणा आता लोखंडी असतो, विजेवर चालतो.

"आई कुठाय?"

अप्पांनी फोन वर धरला. काही दिसेना. परत खाली आणला तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात आईच्या चपला आणि काखेत तिची पिशवी दिसली.

"वर आहे. दुसरी फेरी," अप्पा म्हणाले. "फोन ठेव आता. ती वरून हात करत्येय, मला हात मोकळा पाहिजे."